फुकटचं गार्ड

घरामागच्या शेडात पोटापुरतं काम सुरू करावं म्हणून पिराजी स्वस्तातलं ड्रिल मशीन शोधत उद्यमनगरात मगदूम शेठच्या जुन्या मशीनच्या दुकानात शिरला आणि जागीच थिजला. कोपऱ्यातलं मशीन कंपनीतलं त्याचंच होतं. खंडेनवमीला त्यानं रंगवलेलं स्वस्तिक अजून खांबावर होतं. याच मशीनच्या पट्ट्यानं त्याची दोन बोटं खाल्ली होती, आणि "हात अडकू नये म्हणून पट्ट्यावर बसवलेलं गार्ड कामगारानंच काढलं होतं," असं ठार खोटं कंपनीनं कोर्टात लिहून दिलं होतं.

पिराजीनं पट्ट्याभोवती हात फिरवला. गार्ड अडकवायला भोकंच नव्हती. कुणी कधी पाडलीच नव्हती! फोटो नेला तर हरामखोर त्यालाही खोटं म्हणतील. आता मशीनच कोर्टात उभं करायचं.

"शेठ, याला गार्ड न्हाय!" त्याला आनंद आवरेना. "भोकंसुद्धा न्हाईत की!"

"म्हणून तर स्वस्त हाय, पावणं."

"हेच नेतो. कुणाला देऊ नगासा."

तो टेम्पो घेऊन तासाभरात परतला, तर मशीनखाली लोखंडाचा ताजा चुरा पडला होता. पट्ट्यावर चार बोल्टांनी आवळलेलं कोरं करकरीत गार्ड होतं.

"मघाशी तुमचा हात बघितला आन् जीव ऱ्हाईना," शेठ मायेनं म्हणाला. "भोकं पाडून गार्ड बसवलं, फुकटात. आता याला गार्ड नव्हतं असं कोण म्हणंल, सांगा!"