पाणी पारखणारा साहेब

रोमला पाणी न्यायला चांगला झरा शोधत इंजिनिअर नुमेरियस आमच्या डोंगरावर आला. शेजारच्या गावचा झरा त्यानं पसंत केला होता. तिथं आता चिखलसुद्धा उरलेला नाही.

मोठा शहाणा! झऱ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, आमचेच पाय आणि डोळे तपासत बसला. म्हणे, पाणी कसं आहे ते पिणाऱ्याच्या तब्येतीवरून कळतं. अर्धा गाव लंगडत होता, उरलेला खोकत होता.

"शी! असलं पाणी रोमला पाजू?" नाक मुरडून तो खेचरावर बसला.

"उन्हातून आलात साहेब, घोटभर तरी घ्या," टर्टुल्ला आजी काठी टेकत म्हणाली.

"तुम्हीच प्या!"

तो वळणाआड गेला. आजीनं काठी भिरकावली आणि ताठ उभी राहिली.

"ऐकलंत ना? रोमचा हुकूम आहे. प्या!"