ड्रायव्हरकाकांनी एक माणूस वाचवला

पहिल्या भेटीतच ड्रायव्हरकाकांना घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्या घड्याळवाल्याची दया आली. बसलेले गाल, अंगात ढगळ शर्ट, बोलणं तर जवळजवळ नाहीच. या बापड्याला गोळ्यांनी पार पोखरलंय, हे काकांनी तेव्हाच ओळखलं.

विद्यापीठाने आणि वस्तीने मिळून हे काम काढलं होतं. दुखणं मारायच्या जालीम गोळ्या आधी डॉक्टर देतात, मग त्या सुटता सुटत नाहीत. अशा माणसाला वस्तीतलाच एक सोबती जोडून द्यायचा, असा बेत. लेकीने आग्रहाने सभेला नेलं तेव्हा काका फुलून गेले. उभी हयात बस चालवली, त्याची कदर अखेर विद्यापीठालाच कळली म्हणायची. प्राध्यापकबाई सगळं नीट समजावून सांगत होत्या. काकांचा मात्र मधेच डोळा लागला. हल्ली कंबरेची गोळी घेतली की लागायचाच. जाग आली तेव्हा बाई घड्याळवाल्याचा हात त्यांच्या हातात देत होत्या आणि लेक रुमालाने डोळे टिपत होती.

बाईंनी विचारलं, सांभाळून घ्याल ना एकमेकांना?

"माझ्यावर सोडा," काका म्हणाले.

मग दर आठवड्याला दोघं बागेतल्या बाकावर बसू लागले. काका एकदा सुरू झाले की शेवटच्या थांब्याशिवाय थांबत नसत. देह म्हणजे देवाने चालवायला दिलेली गाडी, ती डेपोत परत करताना मालकासमोर मान खाली जाऊ नये, असं ते रंगून सांगत. घड्याळवाला सगळं ऐकून घेई आणि हळूच विचारी, झोप लागते का, पोट साफ होतं का. काका सविस्तर उत्तर देत. आपण आधी मोकळं झालं की समोरचा लाजत नाही, हे त्यांचं धोरण.

एकदा घड्याळवाला म्हणाला, दवाखान्यात जायचंय, बरोबर याल का? काका गेले. डॉक्टरीणबाईंनी त्यांनाही तपासलं. गड्याची भीड चेपावी म्हणून काकांनी आनंदाने बाही वर केली.

"गोळी हळूहळू कमी करायची," घड्याळवाला बाहेर आल्यावर म्हणाला. "एकट्याने फार जड जातं हो."

"मग माझीही करतो कमी. तुझ्यासाठी एवढं नाही करणार?"

घड्याळवाला चालता चालता थांबला. "कराल?"

"शब्द दिला."

शब्द महागात पडला. घाम फुटे, पाय ओढत, भाजीत मीठ कमी म्हणून काका लेकीवर डाफरत. एका दुपारी तर ते शेजारणीच्या दारात जाऊन उभे राहिले. तिच्या गुडघ्याच्या गोळ्या उरल्या होत्या, हे त्यांना ठाऊक होतं. बोट घंटीवर टेकलं. मग मनात आलं, आपण घसरलो तर त्या बिचाऱ्याने कोणाकडे बघायचं? तसेच मागे फिरून त्यांनी घड्याळवाल्याला फोन लावला.

तो एका पायात एक आणि दुसऱ्या पायात भलतीच चप्पल घालून धावत आला आणि दिवेलागणीपर्यंत हलला नाही. काकांना भरून आलं. याला आपल्यावाचून एक दुपार निभत नाही.

पुढे गोळी पुरती सुटली. काकांची कंबर जिन्यावर अजून कुरकुरे, पण वर्तमानपत्र वाचताना आता डोळा लागत नव्हता. घड्याळवाल्याच्या गालांवरही जरा तेज आल्यासारखं काकांना वाटे, आणि ते देवाला हात जोडत.

विद्यापीठाच्या सभागृहात समारंभ ठरला. काकांनी भाषण पाठ केलं, शर्टाला कडक इस्त्री केली. बाईंनी ध्वनिक्षेपकावरून सोबत्यांना मंचावर बोलावलं. काका घसा साफ करून उठले. बघतात तर शेजारचा घड्याळवालाही उठलेला.

"अरे, बस," काकांनी मायेने त्याचा खांदा दाबला. "तुझा नंबर नाही आला अजून."

लेकीने त्यांची बाही अलगद खाली ओढली. "बाबा, त्यांना जाऊ दे. आधी सोबत्यांना बोलावलंय, तुम्हा गोळी सुटलेल्यांना मग."