सात नंबरचं कोपर

"कोपर काढलं त्याने," अनंत म्हणाला. "सरळ काढलं. आंधळ्यालाही दिसलं असतं."

"रेफरीला नाही दिसलं," रतन म्हणाला.

"त्या रेफरीला मॅचभर काय दिसत होतं?"

पोलीस चौकीबाहेरच्या बाकावर दोघं सकाळपासून बसले होते. मॅडम बंदोबस्तावर गेल्या होत्या, आल्या की जबाब घेणार होत्या. शनिवारी बास्केटबॉलच्या फायनलला हे दोघं पहिल्या ओळीत, बोर्डाच्या अगदी जवळ होते. अंधेरीच्या कॉलेजचा अकरा नंबर बोर्डावरून उसळलेल्या बॉलच्या रिबाउंडला वर गेला, पाठोपाठ विक्रोळीच्या कॉलेजचा सात नंबर उडाला, आणि अकरा नंबर मागच्या मागे पडला तो कोर्टाच्या सिमेंटच्या कडेवर. डोकं आपटलं. आज मंगळवार उजाडला तरी तो शुद्धीवर आला नव्हता. सात नंबरने मुद्दाम मारलं की खेळताना लागलं, एवढंच आता ठरायचं होतं. मुद्दाम ठरलं तर केस.

दोघांची ओळखच मुळी एका फाउलवरून झालेली. कॉलेजात असताना रतन विक्रोळीच्या बाजूने आणि अनंत अंधेरीच्या बाजूने ओरडत होता. भांडण कॉलर धरण्यापर्यंत गेलं आणि मग दोघांनी बाहेर येऊन एकाच गाडीवर वडापाव खाल्ला. तेव्हापासून दर वर्षी फायनलला दोघं शेजारी बसत. नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, केस पिकले, पण बाजू बदलायची नाही हे ठरलेलं. खेळाडूंना नावाने नाही, नंबराने हाक मारायची, हेही ठरलेलं. नाव घेतलं की माया येते आणि मग शिव्या घालता येत नाहीत, असं रतनचं म्हणणं होतं. पन्नाशीच्या माणसांना शोभेल असं यात काहीच नव्हतं, पण दोघांनाही तेच आवडायचं.

हवालदाराने चहा आणून ठेवला. भांडण ऐकून त्याचीही करमणूक होत असावी.

"तुम्ही कुठल्या साईडचे?" त्याने विचारलं.

"विक्रोळी," रतन म्हणाला.

"अंधेरी," अनंत म्हणाला.

"तरीच!" हवालदार हसला. "ज्याला त्याला आपलंच कॉलेज खरं."

दोघांपैकी कुणी हसलं नाही.

"पहिल्या क्वार्टरलाच दोन शिट्या वाजल्या असत्या ना, तर पोरं थंड झाली असती," रतन म्हणाला. "धक्के मारतायत, जर्सी ओढतायत, आणि तो बाबा नुसता पळतोय. पोरांना वाटलं, आज सगळं चालतंय. दोष द्यायचा तर त्याला दे."

"रेफरीने कोपर मारलं नाही."

"सात नंबर सरळ वर गेला रे. अकरा नंबरच त्याच्या अंगाखाली शिरला. चूक असलीच तर अकराची."

"असं बोलू नकोस, रतन."

"का नको? जे आहे ते आहे."

"मी पाहिलंय. तूही पाहिलंयस. आणि मी आत जाऊन तेच सांगणार आहे. सात नंबरला शिक्षा झालीच पाहिजे." अनंतचा आवाज चढला. "नाही झाली तर उद्या आणखी कुणाला तरी पाडेल तो."

"एकोणीस वर्षांचं पोर आहे. त्याच्या आयुष्याची वाट लागेल."

"लागू दे."

अनंतचा फोन वाजला. तो उठून कोपऱ्यात गेला. "दोन घास तरी भरव, नीला. आणि दाराला आतून कडी लावू देऊ नकोस," एवढंच ऐकू आलं. घरी कुणी म्हातारं माणूस असावं, असं हवालदाराला वाटलं. रतनचा फोन त्याच्या मुठीतच होता. तो वाजत नव्हता आणि रतन सारखा त्याच्याकडे बघत होता.

अनंत परत येऊन बसला. चहावर साय धरली होती.

"पूर्वी बरं होतं," रतन म्हणाला. "विक्रोळीची पोरं विक्रोळीकडून खेळायची, अंधेरीची अंधेरीकडून. आता ॲडमिशनच्या यादीत जिथे नंबर लागेल तिथे जातात. आपण मात्र आहोत तिथेच. जुन्याच नावाने बोंबलतो."

अनंतने बोटाने चहावरची साय बाजूला सारली.

"मी काय ओरडत होतो, आठवतंय तुला?"

"रतन, जाऊ दे."

"'सात नंबर, रेट त्याला! सोडू नको!' असं ओरडत होतो मी. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, हसला आणि उडाला. मी सांगितलं आणि त्याने ऐकलं, अंत्या. आता केस करायची तर कुणावर करायची?"

"तू दर वर्षी ओरडतोस."

"यंदा जास्त ओरडलो. मजा वाटत होती." रतनने डोळे पुसले, मग पुन्हा पुसले. त्याला स्वतःची इतकी शिसारी आयुष्यात कधी आली नव्हती. "अकराचं जे व्हायचं ते होईल. आपल्या हातात नाही ते. दुसरंही पोर कशाला घालवायचं?"

"मी खोटं सांगणार नाही."

"मग मी सांगेन."

जीप येऊन थांबली. मॅडम उतरल्या, टोपी काढून काखेत धरली आणि दारातच थबकल्या. उन्हाने त्यांचा चेहरा रापला होता.

"पडलेल्या मुलाचे वडील कोण?"

रतन उठला.

"आणि ज्याने मारलं, त्याचे?"

अनंतला उठताच येईना. रतनने वाकून त्याच्या काखेत हात घातला आणि त्याला उभं केलं.

"हे," तो म्हणाला. "पण मारलं नाही, मॅडम. खेळताना लागलं."