ऑगस्टचे मार्क

"ह्या शुक्रवारी जिंकलो की थेट सेमीफायनल," एल्डन काउंटरवर बोट आपटत म्हणाला. "एकोणीस वर्षांनी. आणि कोणामुळे? ह्या बाईच्या पोरामुळे."

जोलीनने त्याच्या कपात कॉफी ओतली. तिच्या पोराचं नाव वेड, गावच्या हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये बॉल फेकणारा क्वार्टरबॅक. मक्याची कापणी संपल्यामुळे रोज सकाळी सातलाच कॅफेत येऊन बसणाऱ्या म्हाताऱ्यांना सध्या त्याच्याशिवाय दुसरा विषय नव्हता. काय हात आहे पोराचा, पन्नास यार्डांवरून फेकतो आणि बॉल पळणाऱ्याच्या ओंजळीत पडतो. युनिव्हर्सिटीची खेळाडू निवडणारी माणसं दोनदा बघून गेली, शुक्रवारी पुन्हा येणार. दोन वर्षांत टीव्हीवर दिसला नाही तर नाव बदलीन, असं एल्डन रोज सांगायचा.

त्याच्या शेजारी टीमचा कोच, लोवेल वर्बका, खसखस भरलेल्या ‘कोलाचे’ नावाच्या गोड पावाचे तुकडे करत बसला होता. खात मात्र नव्हता.

"तुझा नातू येतोय ना मॅचला?" कोणीतरी एल्डनला विचारलं.

"ट्रेंट? छे. मैदानावरच्या दिव्यांनी त्याचं डोकं उठतं. घरीसुद्धा पडदे ओढून बसतो. चोविशीतच म्हातारा झालाय पठ्ठ्या."

सगळे हसले. लोवेलने प्लेट बाजूला सारली.

जोलीनने त्याच्यापुढे एक फॉर्म ठेवला. "कोच, शाळेने माझी सही मागितलीय. गेल्या मॅचला वेड डोक्यावर आपटला, म्हणून काल कॉम्प्युटरवर त्याची ती परीक्षा घेतली. काय काय आठवतं, हात किती चटकन चालतो, ते सगळं. ऑगस्टमध्ये सगळ्यांची घेतली होती, तेव्हा जेवढे मार्क होते तेवढेच पडले. म्हणजे डोकं ठीक आहे, खेळू शकतो. असंच ना?"

"नियम तसाच आहे."

"नियम वाचला मी. तुम्हाला विचारतेय." तिने आवाज खाली आणला. "काल त्याने कुत्र्याला दोनदा जेवण घातलं. एकदा घालून झालं होतं, थोड्या वेळाने बघते तर परत डबा घेऊन उभा. मी हसले. कुत्रं तर जाम खूश होतं."

लोवेलला हसता आलं नाही. ऑगस्टमध्ये पोरं कॉम्प्युटरपुढे ओळीने बसली होती आणि हा दाराशी उभा होता. दरवर्षी म्हणायचा तेच तेव्हाही म्हणाला होता, "आज कोणी हुशारी दाखवायची नाही. थोडी नोव्हेंबरसाठी शिल्लक ठेवा." पोरं फिदीफिदी हसली होती. ऑगस्टला मार्क कमी पडले की नोव्हेंबरला आपटलेलं डोकंसुद्धा पास होतं. इतकी वर्षं त्याला हे शहाणपण वाटत आलं होतं. आणि वेड तर कोचचा शब्द खाली न पडू देणारा, म्हणून तर तो इतका चांगला खेळायचा.

लोवेलला लाज वाटली. तरीही मन म्हणत होतं, एवढी एक मॅच होऊ दे, मग सांगू. ते ऐकून त्याला स्वतःचीच किळस आली.

जोलीनने कानामागचं पेन काढलं. त्याने फॉर्मवर हात ठेवला.

"करू नकोस सही. ऑगस्टचे मार्क खोटे आहेत. मुद्दाम चुका करा म्हणून मीच सांगितलं होतं."

ती कॉफीचं भांडं उचलून काउंटरच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली, एकेकाचा कप भरला आणि परत आली.

"फक्त वेडला सांगितलंत?"

"सगळ्यांना."

"ह्याच वर्षी?"

"चौदा वर्षं झाली."

तिने फॉर्म चुरगाळून ॲप्रनच्या खिशात कोंबला. ऑर्डर लिहायच्या वहीतलं एक पान फाडलं, मग आणखी दोन फाडली. ती त्याच्यापुढे ठेवली, वर पेन ठेवलं.

"सगळ्यांची नावं लिहा," ती म्हणाली. "कागद अजून लागले तर सांगा." कॉफीचं विचारावं तशीच म्हणाली.

लोवेल लिहायला लागला. दोन-चार नावं झाल्यावर एल्डनने चष्मा चढवला आणि शेजारून वाकून बघितलं.

"शुक्रवारची टीम काढतोयस होय?" तो म्हणाला. "आणि हे काय रे, सगळ्यात वर आमच्या ट्रेंटचं नाव कशाला? तो कुठे खेळतो आता."