काजळाची रेघ

बेबीनंदाने तपासणीच्या टेबलावर पडून पदर बाजूला केला आणि डॉक्टर उमा बघतच राहिल्या. महिन्यापूर्वी त्यांनीच निळ्या पेनाने तिच्या बेंबीशेजारी काढलेली रेघ अजून जागेवर होती. फक्त आता ती काळीकुळकुळीत झाली होती.

“रोज आंघोळ झाली की काजळानं गिरवून राह्यले मी,” सासू सगुणाबाई म्हणाली. “पुसली असती तर तुम्हाला कसं कळलं असतं?”

बेबीनंदाचा नवरा बद्रीनाथ बियाणे कंपनीच्या कामाला बिहारात होता. बायकोलाही घेऊन गेला होता. तिथून ती अंतरवालीला परतली ती ताप घेऊनच. टायफॉइडची औषधं झाली, मलेरियाची झाली, देवऋषी झाले. ताप काही हटेना. अंग काळवंडलं, हातापायांच्या काड्या झाल्या आणि पोट तेवढं वाढत गेलं. शेवटी नवीन जालन्यात डॉक्टर उमांनी ओळखलं. काळा आजार. पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजून पार बेंबीपर्यंत उतरली होती. सलाईनमधून औषध दिलं, रक्त चढवलं, पोरगी वाचली. घरी सोडताना त्यांनी ती रेघ ओढून दिली. सूज रेघेच्या वर सरकत गेली पाहिजे. पोट पुन्हा वाढलं, तर आजार उलटला म्हणून समजायचं.

तेव्हापासून सगुणाबाईचा जीव त्या रेघेत अडकला होता. रोज सकाळी ती सुनेचं पोट चाचपायची आणि हात जोडून त्यालाच म्हणायची, “वाढू नको रे बाबा.” सूज खरंच वर सरकत होती. आणि परवा रेघेच्या खाली, ओटीपोटात, तिच्या हाताला काहीतरी टणक लागलं. मुलाला काही न सांगता तिनं सुनेला घेऊन एसटी गाठली.

“उलटला का हो?” तिनं आता विचारलं.

डॉक्टर बराच वेळ चाचपत राहिल्या. “पाळी कधी आली होती?”

“बिहारातून आल्यापासून न्हाई,” बेबीनंदा म्हणाली. “अंगात रगतच न्हाई, मंग येणार कुठून?”

सगळ्यांनी हेच गृहीत धरलं होतं. डॉक्टरांनीसुद्धा.

त्यांनी शेजारच्या खोलीतून एक छोटं यंत्र मागवलं आणि ओटीपोटावर टेकवलं. आधी नुसती खरखर. मग ठोके ऐकू आले. पिठाच्या गिरणीचा पट्टा पळावा तसे, भराभर, न थांबता.

डॉक्टरांच्या अंगावर काटा आला. आई मरणाच्या दारात होती. तो ताप, ते उपास, ते जहाल औषध, या सगळ्यात हा जीव कुणाला पत्ता लागू न देता तग धरून बसला होता.

“पाचवा लागलाय,” त्या हळूच म्हणाल्या.

सगुणाबाईने पदराचं टोक जिभेवर ओलं केलं. सुनेच्या पोटावरची रेघ तिनं घासून घासून पुसून टाकली.

“वाढ रे बाबा,” ती म्हणाली. “आता पाहिजे तेवढं वाढ.”