सोमवारची चार पानं

चार पानं जागेवर नव्हती. बाबांनी चष्मा पुसला, फाइल बंद करून परत उघडली आणि शेजारची वही पाहिली. वहीत त्यांच्याच अक्षरात होतं: 'सोमवार. थोरल्यावरचं प्रकरण संपलं. चार पानं.' पडद्यावर मात्र त्याच्या आधीचं प्रकरण संपत होतं आणि खाली सगळं कोरं.

बाबांनी पस्तीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासली होती. तिथे त्यांना चाळणी म्हणत, कारण एक खडा त्यांच्यातून खाली जात नसे. निवृत्तीनंतर ते आठवणी लिहायला बसले. वाक्यं सकाळी फिरताना मनात जुळवायची, घासूनपुसून लख्ख करायची आणि घरी येऊन नुसती उतरवायची, ही त्यांची पद्धत. म्हणूनच आता पंचाईत झाली. ही पानं खरंच टाइप केली होती, की फिरताना मनातच लिहिली?

मंगळवारी त्यांनी ती सगळी पुन्हा टाइप केली. बुधवारी उघडलं तर पानं होती. हुश्श म्हणून त्यांनी पुढचं एक पान लिहिलं. गुरुवारी ते पुढचं पान नव्हतं. शुक्रवारी होतं. वही खोटं बोलणार नाही, यंत्राला खोटं बोलून काय मिळणार, मग उरलं कोण?

कॉम्प्युटरही आताशा त्यांच्यासारखाच लहरी झाला होता. दोन आठवड्यांपूर्वी मुलीने त्यात जुन्या डिस्कशेजारी एक नवी, वेगवान डिस्क बसवली होती आणि जुन्यातलं सगळं जसंच्या तसं नव्यात उतरवलं होतं. जुनी पुसून टाकू का, असं तिने विचारल्यावर आई आणि बाबा एका सुरात म्हणाले होते, "असू दे." मोडक्या छत्रीची काडीसुद्धा जपून ठेवणारं घर ते. तेव्हापासून कॉम्प्युटर एखाद्या दिवशी हाकेसरशी उठे, तर एखाद्या दिवशी पूर्वीसारखा कण्हत-कुंथत.

"अहो, टक लावून काय बघताय एवढं?" आईने फरशी पुसता पुसता विचारलं. "काय दिसतंय त्यात?"

"काही दिसत नाहीये, तेच बघतोय," बाबा म्हणाले.

बाबा घाबरले होते. त्यांच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग नावं, आणि एका दुपारी थोरल्याने दार उघडून बाबांनाच विचारलं होतं, "आपण कोणाकडे आलात?" ती चार पानं त्या दुपारबद्दलच होती.

शनिवारी त्यांनी मुलीला फोन केला. "उद्या ये. घराचे कागद तुझ्या नावावर करून टाकू. माझी सही मला आठवतेय तोवर."

रविवारी सकाळीच ती आली. टेबलावर कागद काढून ठेवलेले होते. बाबांनी वही पुढे केली आणि सगळं सांगितलं. मुलीचा चेहरा उतरला. तिने डॉक्टरांचा विषय काढला, बाबांनी मान डोलावली. आई दारात पुसायचा दांडा धरून नुसती उभी राहिली.

"मला दोष द्या, कॉम्प्युटरला नको," बाबा म्हणाले. "तो बिचारा मंगळवारी आणि गुरुवारी किती हळू उठतो, तरी उठतो."

मुलीने वर पाहिलं. "हळू? आता हळू उठायचं कारणच नाही त्याला."

तिने टेबलाखालून कॉम्प्युटरचा डबा ओढला आणि झाकण काढलं. नव्या डिस्कची वायर सैल होती. आईच्या दांड्याचा धक्का डब्याला लागला की ती कधी सुटायची, कधी परत टेकायची.

"ही सुटली की कॉम्प्युटर गुपचूप जुन्या डिस्कवर सुरू होतो," ती म्हणाली. "जुनं आपण पुसलंच नाही ना. बाबा, तुम्ही एक दिवस या डिस्कवर लिहीत होतात आणि एक दिवस त्या."

आईने दांडा भिंतीला टेकवला आणि ती सुटल्यासारखी हसली. बाबा मात्र हसले नाहीत.

"वायर सैल असेल," ते म्हणाले. "पण म्हणून मी घट्ट आहे, असं कुठे ठरतं?"

मुलीने वायर घट्ट बसवून कॉम्प्युटर सुरू केला. मग बाबांनी खणातून पेन्सिल काढली आणि तिला टोक केलं.

"मंगळवारी लिहिली ती चार पानं छापून दे मला. सोमवारची तू पडद्यावर उघड. आणि वाच."

तिला कळलं. लहानपणी तिने हे काम सुट्टीच्या किती दुपारी केलं होतं. तिने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट, आणि बाबांनी प्रुफावर पेन्सिल फिरवायची. तिने छापलेली पानं बाबांपुढे ठेवली आणि ती वाचू लागली. एक न बघता दुसरी लिहिलेल्या त्या दोन प्रती ओळीमागून ओळ पुढे सरकत होत्या. "थोरल्याने दार उघडलं, पूर्णविराम." बाबांची पेन्सिल कागदावरून चालत होती. "आपण कोणाकडे आलात, प्रश्नचिन्ह." इथेही ती थांबली नाही. थांबलेलं त्यांना चालत नसे.

चौथं पान संपलं. बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. कागदाकडे बघायचा तिला धीर होईना.

"किती चुका?" तिने विचारलं.

"दुसऱ्या पानावर एक स्वल्पविराम गेलाय," बाबा म्हणाले. "ते घराचे कागद कपाटात ठेवून दे."