कोरा तुकडा

“एक तुकडा कोरा ठेवायचा,” चित्रकार म्हणाली आणि बैठकीतल्या सगळ्यांनी एकदम तिच्याकडे पाहिलं. गेल्या तीन वर्षांत या टेबलाशी बसून तिने फक्त चहा पिण्यापुरतं तोंड उघडलं होतं.

त्यात हा चित्रकोड्यांचा कारखाना. इथे एक तुकडा कमी पडला की आभाळ कोसळतं. प्रत्येक खोकं बंद करण्याआधी काट्यावर ठेवतात, गुंजभर वजन कमी भरलं तरी पुन्हा उघडून तुकडे मोजतात. तरीसुद्धा या महिन्यात चौदा खोकी परत आली होती आणि मालकांचं डोकं सकाळपासून ठिकाणावर नव्हतं.

“घराचं चित्र आहे,” तिने पुढे रेटलं. आता थांबले तर पुन्हा कधीच बोलणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. “दार उघडं आहे. दारात कोण उभं आहे तेवढा तुकडा पांढरा. तो मुलाने रंगवायचा. ज्याला जो हवा, त्याने तो दारात उभा करायचा.” तिने नमुन्याचं खोकं टेबलाच्या मधोमध सरकवलं. कुणी हात लावला नाही.

“झकास,” कटिंग मशीनवाले काका म्हणाले. “छपाई पोरांनी करायची. उद्या कापायलाही त्यांच्याकडेच देऊ. मी आपला घरी झोपतो.”

टेबलाभोवती हशा पिकला. मालक तेवढे हसले नाहीत.

“तुकडा हरवला म्हणून लोक आधीच भांडायला उठलेत. आता छापायचा राहिलेला तुकडा आपणच पाठवायचा?” त्यांनी पॅकिंगच्या बाईंकडे मान वळवली. “तुमची नणंद ना ही? तुम्हाला ठाऊक होतं हे?”

चित्रकाराला हायसं वाटलं. वहिनीला सगळं ठाऊक होतं. कोरा तुकडा खिडकीत नको, दारात हवा, हे तर वहिनीनेच सुचवलं होतं. आज सकाळी जिन्यात हिचे पाय अडखळले तेव्हा पाठीवर हात ठेवून तीच म्हणाली होती, “बोलून टाक गं. मी आहे ना.”

वहिनी परत आलेल्या खोक्यांच्या तक्रारींचे कागद सारखे करत होती. चौदाही खोकी तिच्याच हाताखालून गेली होती.

“नाही हो,” ती म्हणाली. “मला तर हे आत्ताच कळतंय. घरी कुठे काय बोलते ती.”

आणि वर हसलीसुद्धा. बाकीच्यांचं हसणं चित्रकाराने पचवलं असतं, ती त्याची तयारी करूनच आली होती. हे हसणं मात्र जिव्हारी लागलं. तिने वहिनीकडे पाहिलं. वहिनीला कागदांतून वर बघायला सवड नव्हती.

“चला, पुढचा विषय,” मालक म्हणाले. खोकं परत चित्रकाराकडे ढकलताना त्याचं झाकण निघालं. आत चित्रकोडं जुळवलेलंच होतं. दारातल्या तुकड्यावर रंगीत खडूने काढलेली एक बाई उभी होती. दोन्ही हात पसरलेले, आणि चष्मा तोंडापेक्षा मोठा. रविवारी भाचीने काढली होती ती. वहिनीने लेकीच्या हातातून खडू घेऊन चष्म्याच्या काड्या स्वतः नीट केल्या होत्या आणि ती म्हणाली होती, अगदी माझ्यासारखी झालीय.

मालकांनी वाकून पाहिलं. “दारात ही कोण?”

टेबलापलीकडे वहिनीने चष्मा काढला आणि बाहीने काचा पुसायला घेतल्या. काचा स्वच्छच होत्या. तरी ती पुसत राहिली.

नाव सांगून टाकावं, असं चित्रकाराच्या अगदी ओठांवर आलं. एका शब्दाचं काम होतं. तिने झाकण उचललं आणि खोक्यावर नीट दाबून बसवलं.

“ओळखीची वाटली होती,” ती म्हणाली. “निघाली नाही.”